गौराक्काची चिठ्ठी

माझ्या हाताला यश नाही हे मला वयाच्या दहाव्या वर्षी कळलं. सांगणारे माझे वडील होते आणि ते थट्टेत सांगत होते, म्हणूनच बहुधा ते जन्मभर लक्षात राहिलं. पुढं मी शिकले, इचलकरंजीहून पुण्याला आले आणि डॉक्टरेट घेतली ती योगायोगाच्या गणितात. कुणी कारण विचारलं तर मी शाळेतल्या चांगल्या गणिताच्या बाईंचं नाव सांगते. खरं कारण वडिलांचं ते वाक्य आहे.

आमच्या संस्थेत साठ माणसं एकाच प्रश्नावर पगार घेतात : काही माणसं श्रीमंत का होतात आणि बाकीची का होत नाहीत. साठांची उत्तरं साठ असती तर बरं होतं, पण तिथं तीनच तट होते. संचालक डॉ. पळणीटकर म्हणायचे, शेवटी सगळं माणसाच्या मेहनतीवर आणि निर्णयांवर येतं. स्वतः पहाटे उठून दूध टाकून शिकलेला माणूस, त्याच्याशी वाद घालायला जीभ रेटत नसे. डॉ. नसीमा मुजावर म्हणायच्या, कुठल्या घरात, कुठल्या जातीत, कुठल्या गल्लीत जन्मलात ते सांगा, बाकीचं मी सांगते. त्याही चुकत नव्हत्या. आणि तिसरा तट माझा, म्हणजे मी एकटीच. मी म्हणायचे, नशीब.

जेवणाच्या सुट्टीत मी नव्या मुलांना एक खेळ दाखवायचे. हजार माणसं घ्या, सगळी सारखी हुशार, सारखी कष्टाळू, सगळ्यांच्या खिशात सारखेच पैसे. दोघादोघांनी नाणेफेक करायची आणि पैज दोघांत जो गरीब त्याच्या ऐपतीच्या पाचव्या हिश्श्याची लावायची. कुणी फसवत नाही, कुणी आळशी नाही, कुणाला वारसा नाही. तरी खेळ लांबत गेला की जवळजवळ सगळा पैसा एकाच्या खिशात जातो, कारण एकदा खाली आलेल्याला पुन्हा वर चढायला दरवेळी थोडं जास्त जिंकावं लागतं. पळणीटकर हसून म्हणायचे, "तेजस्विनी, तुमच्या खेळात सकाळी लवकर उठणारं कुणीच नाही." मग जेवण संपायचं आणि वाद तसाच राहायचा.

तो मिटावा म्हणून आम्ही सहा वर्षं खपून ‘पर्याय’ बांधलं. हे यंत्र माणसाचा सगळा लेखी माग काढतं : शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद, विजेची बिलं, पगार, घरबदल. त्यावरून त्या माणसाची एक प्रतिकृती तयार होते. मग त्या प्रतिकृतीच्या आयुष्यातली एकच गोष्ट बदलायची आणि तिला पुन्हा जगू द्यायचं, दहा लाख वेळा. बदललेल्या गोष्टीमुळं किती फरक पडला ते त्या दहा लाख आयुष्यांवरून समजतं.

यात एक गोम होती. एखादी गोष्ट बदलल्यानं काय होतं हे यंत्राला कळण्यासाठी, तशी गोष्ट खऱ्या जगात कुठंतरी निव्वळ योगायोगानं, कुणीही न ठरवता बदललेली त्यानं पाहिलेली असावी लागते. नाहीतर यंत्र नुसती कादंबरी लिहितं. असा निर्भेळ योगायोग कुठून आणायचा यावर वर्ष गेलं, आणि तो मी आणून दिला. मी म्हटलं, भिशी.

आमच्या सूतगल्लीत वीस बायकांची भिशी होती. दर दहा तारखेला सगळ्याजणी सारखी रक्कम टाकायच्या, डब्यातून एक चिठ्ठी निघायची आणि त्या महिन्याची सगळी रक्कम तिची. वीस महिन्यांत प्रत्येकीला एकदा. भरणं सारखं, मिळणं सारखं, बायका एकाच गल्लीतल्या, सगळ्या मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या. फरक फक्त कुणाला आधी आणि कुणाला नंतर एवढाच, आणि तो ठरवणार चिठ्ठी. मुजावरबाईंनीसुद्धा मान डोलावली. आम्ही राज्यभरातल्या नऊशे भिश्यांच्या जुन्या वह्या मिळवल्या आणि यंत्राला चारल्या.

उत्तर आलं ते पळणीटकरांच्या बाजूचं. लवकर रक्कम मिळालेल्या बायकांची घरं दहा वर्षांनंतर उशिरा मिळालेल्यांपेक्षा तसूभरही पुढं नव्हती, उलट थोडी मागंच होती. म्हणजे हाती एकरकमी पैसा कधी येतो याला महत्त्व नाही, माणूस काय करतो याला आहे. पळणीटकरांनी बाकरवडी मागवली, पण जिंकल्याचा आव आणला नाही. ते म्हणाले, मला वाटलं होतं थोडा तरी फरक असेल.

प्रश्न बाकरवडीपुरता नव्हता. सरकार चार वर्षांपासून ‘आरंभनिधी’ देत होतं : गरीब घरातल्या प्रत्येक मुलामुलीला एकविसाव्या वर्षी एक ठोक रक्कम, काही न विचारता. तो चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवणारी समिती आमच्या अहवालाची वाट पाहत होती आणि अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. आमचं उत्तर असंच गेलं असतं, तर पुढच्या वर्षीच्या अडीच लाख पोरांचे पैसे गेले असते.

सोमवारी मुजावरबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, चिठ्ठ्या खरंच डोळे झाकून निघतात का, एवढं तपास. मला राग आला. गौराक्का मगदूम आमची भिशी तेवीस वर्षं चालवत होती. चालवणारीनं पहिली रक्कम उचलायची हा सगळीकडचा रिवाज, पण गौराक्का कायम शेवटची घ्यायची. आमच्याकडं एखादी गोष्ट वादाच्या पलीकडची असेल तर ‘गौराक्काची चिठ्ठी’ म्हणतात. शिवाय लहान मुलीचा हात निर्मळ म्हणून आठव्या वर्षापासून बारा वर्षांची होईपर्यंत चिठ्ठ्या मी स्वतः काढल्या होत्या.

तरी मी तपासलं, आणि आधी आमचीच भिशी घेतली, बाईंचं तोंड बंद करावं म्हणून. चिठ्ठी कुणाची निघाली आणि त्या महिन्यात कुणाच्या घरी आजारपण, अपघात किंवा मृत्यू झाला यांचा काही संबंध असायला नको. यंत्रानं चार सेकंद घेतले. घरात दवाखाना निघाला की बहुतेकदा त्याच नाहीतर पुढच्या महिन्याची चिठ्ठी त्या घरची होती. आणि उलट टोकाला एक नाव होतं, जे चौदाच्या चौदा फेऱ्यांत गौराक्काच्या आधीच्या तीन महिन्यांतच निघालं होतं. असं आपोआप घडण्याची शक्यता मी काढली. दशांशचिन्हानंतर अकरा शून्यं आली. ते नाव होतं सिंधू बुचडे. माझी आई.

मला २०१८ सालची एक दहा तारीख आठवली. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे. मालक दोन जुने माग विकत होता, निम्मी रक्कम महिन्यात दे, उरलेली फेड असं म्हणाला होता. ती निम्मी रक्कम म्हणजे बरोबर एक भिशी. आई सकाळपासून काही बोलत नव्हती. मी डब्यात हात घातला आणि शांता कोरवींचं नाव काढलं. संध्याकाळी वडील भाकरी मोडता मोडता हसले आणि म्हणाले, "आपल्याच पोरीच्या हाताला यश न्हाई." माग दुसऱ्यानं घेतले. वडील अखेरपर्यंत दुसऱ्याचेच माग चालवत राहिले आणि छातीच्या दुखण्यानं गेले.

मी पर्यायमध्ये आईचं आयुष्य घातलं आणि एकच चिठ्ठी बदलली. शंभरातल्या एकसष्ट आयुष्यांत माझ्या वडिलांच्या नावावर माग होते. पुढचं मी वाचलं नाही. सकाळच्या गाडीनं इचलकरंजीला निघाले.

गौराक्का आता बहात्तरची. नव्या मागांना कांड्या लागत नाहीत, त्यामुळं तिचे हात रिकामे, पण जीभ अजून कामावर. दारात बसून ती शेवग्याच्या शेंगा सोलत होती. मला बघून म्हणाली, किती वाळलीस, पुण्यात जेवायला देत न्हाईत व्हय. मी घरी न जाता आधी तिच्याकडं आले आहे हे तिच्या लगेच ध्यानात आलं. तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. मी अकरा शून्यांबद्दल बोलायला लागले तर तिनं मला थांबवलं.

"एवढं गणित कशाला? सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव असायचं."

एक नाव निघालं की उरलेल्या चिठ्ठ्या लगेच चुलीत टाकायचा आमच्याकडं रिवाज होता. पुढच्या महिन्याला कुणी आधीच खुणा करू नयेत म्हणून, असं सांगायचे. रिवाज पाडला होता गौराक्कानंच. कोण अडलंय हे तिला कांड्या भरताना कळायचं. बायका तोंडानं मागत नाहीत. मागितलं तर मिंधेपण येतं आणि दिलं नाही तर भांडण होतं. चिठ्ठीनं दिलं तर कुणाचं काहीच जात नाही. हे सगळं तिनं मला अगदी सरळ सांगितलं, लपवलं काही नाही आणि सजवलंही नाही.

मी रडकुंडीला आले होते आणि भयंकर चिडले होते. मी तिला विचारलं, मग माझी आई कायम शेवटी का. आम्ही अडलेले नव्हतो का. मी यंत्राचा आकडा तिच्या पुढ्यात टाकला, शंभरात एकसष्ट. माझा बाप स्वतःला करंटा समजत मेला आणि मी माझ्या हाताला दोष देत मोठी झाले, हेही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि शांताचं? तिचं बघितलंस काय त्यात?"

मी बघितलं नव्हतं. त्या महिन्यात शांताबाईंच्या नवऱ्याचा हात मागात सापडला होता. गौराक्काच्या दारातच बसून मी फोनवर संस्थेचं यंत्र उघडलं आणि शांता कोरवींच्या आयुष्यातून ती चिठ्ठी काढून घेतली. शंभरातल्या ब्याऐंशी आयुष्यांत नवऱ्याचा हात वाचला नाही. सत्याहत्तरांत त्यांची थोरली वैशाली बाराव्या वर्षी शाळेतून निघून कांड्या भरत होती. खरी वैशाली आज सांगलीच्या एका दवाखान्यात मुख्य परिचारिका आहे, आणि माझ्या वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या उशाशी तीच होती.

गौराक्कानं विचारलं, मग मी चुकले की बरोबर, याबद्दल तुझं यंत्र काय म्हणतंय. मी म्हटलं, ते सांगता येत नाही त्याला. ती म्हणाली, "मग मलाच सांगाया लागणार. शांताचं बरोबर. तुझ्या आईच्या बाबतीत माझं चुकलं असंल."

मग थांबून तिनं कारण सांगितलं. ज्यांनी आधी उचलले त्यांच्यातली एखादी पुढं हप्ते चुकवते, एखादी गाव सोडते. शेवटचे महिने ज्यांच्या नावावर असतात त्यांच्या जिवावर भिशी उभी राहते. त्यांनी हात आखडता घेतला तर सगळंच बुडतं. तिथं भरवशाचंच माणूस लागतं. "तुझी आई कधी चुकली न्हाई, कधी बोलली न्हाई. म्हणून दरवेळी तिच्यावरच टाकत गेले. ते सोपं पडायचं मला." एवढं बोलून तिनं पुन्हा शेंगा पुढं ओढल्या, पण सोलल्या नाहीत.

मी दहा वर्षं विषमतेची कारणं शिकत होते. मेहनतीचा रकाना होता, जन्माचा होता, नशिबाचा होता. भरवशाचं असण्याची किंमत कुणी भरली याचा रकाना आमच्या यंत्रात कुठंच नव्हता. आणि जिला अक्षरओळख चौथीपुरती, तिनं तो दोन वाक्यांत मांडला. माझा राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी आदर येऊन बसला, आणि दोन्ही बरोबर घेऊनच मी तिला पुढचं सांगितलं.

तिच्या आणि तिच्यासारख्या कितीतरी जणींच्या चिठ्ठ्यांनी यंत्र फसलं होतं. पैसा आधी मिळाला तो ज्यांच्यावर संकट कोसळलं होतं त्यांना. दहा वर्षांनी ती घरं इतरांच्या जवळजवळ बरोबरीला आली, आणि यंत्र म्हणालं, बघा, आधी मिळून काही फरक पडला नाही. खरं तर फरक एवढा पडला होता की बुडणारी घरं काठाला लागली होती. हे शुक्रवारच्या आत लेखी सांगायला हवं होतं, चालवणारीच्या नावानं आणि सहीनं. आणि हे जाहीर झालं की ‘गौराक्काची चिठ्ठी’ या शब्दाला काडीची किंमत उरणार नव्हती. तिच्याकडं दुसरी कसली इस्टेटही नव्हती. घर भाड्याचं, मूलबाळ नाही.

आरंभनिधीची पोरं किती ते तिनं विचारलं. मी म्हटलं, अडीच लाख. ती म्हणाली, सही करते, पण साहेबांच्या आधी माझ्या बायकांना सांगणार. परवा दहा तारीख, नव्या फेरीची पहिली चिठ्ठी. तोवर थांब.

पुढचं आधीच सांगून टाकते. मी पळणीटकरांना फोन केला तेव्हा मला वाटलं होतं ते वाद घालतील. ते ऐकत राहिले, एक-दोन नेमके प्रश्न विचारले आणि म्हणाले, अहवाल मी थांबवतो. सहा वर्षांचं काम आणि आपलंच जिंकलेलं उत्तर त्या माणसानं एका फोनवर सोडलं. त्यांनी आणि मुजावरबाईंनी मिळून दोन दिवसांत बाकीच्या भिश्या चालवणाऱ्यांना, नाव गुप्त राहील असं कबूल करून, एकच प्रश्न विचारला : चिठ्ठी कुणाची निघणार हे तुम्हीच ठरवता का. सहाशे अकरा जणींनी हो म्हटलं. प्रत्येकीला वाटत होतं की असं करणारी आपण एकटीच. ज्या भिश्यांत चिठ्ठी खरोखरच चिठ्ठी होती त्या वेगळ्या काढल्यावर पैसा वेळेवर मिळण्याचा फायदा स्पष्ट दिसला, मेहनतीचाही दिसला, जन्माचा तर दिसलाच. वाद मिटला नाही, पण शहाणा झाला. समितीनं आरंभनिधी ठेवला. गौराक्काचं निवेदन अहवालाच्या पहिल्या पानावर आहे, तिच्या वळणदार सहीसकट.

पण ते सगळं नंतरचं. दहा तारखेला दुपारी चार वाजता गौराक्काच्या घराच्या पुढच्या सोप्यात एकोणीस बायका बसल्या होत्या आणि कोपऱ्यात मी. आईला मी आधी काही सांगितलं नव्हतं. तिचं तिनं ऐकावं असं मला वाटलं. गौराक्कानं रिकामा डबा मधोमध ठेवला आणि उभी राहून बोलली. तेवीस वर्षं चिठ्ठ्या खोट्या होत्या, सगळ्या मी लिहिल्या, या पोरीचा हात मी फुकट बदनाम केला. एवढंच. माफी मागितली ती फक्त माझी आणि आईची, बाकी कुणाची नाही.

सुरेखा मुसळे उठली, चप्पल घातली आणि निघून गेली. चिठ्ठी लागली नाही म्हणून पोरीच्या लग्नाला तिनं व्याजानं पैसे काढले होते. शांताबाई पदरानं तोंड झाकून बसल्या होत्या. कुणीतरी हळूच म्हणालं, आता भिशी कशी चालायची. गौराक्कानं डबा उचलून शेजारणीपुढं धरला, दुसरी कुणीतरी चालवा म्हणून. मला तिचं फार वाईट वाटलं.

तेव्हा आई बोलली. माझी आई चारचौघांत बोलत नाही. वडिलांच्या दिवसांतसुद्धा ती पाहुण्यांना फक्त बसा म्हणाली होती.

"डबा तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे, गौराक्का. पण हितनं पुढं कुणाचं काय अडलंय ते तोंडानं सांगायचं, आणि सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आणि या खेपेला पहिलं नाव माझं."

गौराक्का घाबरून म्हणाली, का गं सिंधू, काय अडचण आलीया का.

"अडचण न्हाई," आई म्हणाली. "मला पाहिजे."

शांताबाईंनी पदर बाजूला केला आणि हात वर केला. मग दुसरीचा वर झाला, तिसरीचा झाला. गौराक्कानं खाली बसून सगळ्यांसमोर वीस कागद फाडले आणि विसांवर एकच नाव लिहिलं. लिहिताना ती चष्म्याआडून रडत होती आणि बायका हसत होत्या, कारण चौथ्या कागदानंतर तिचं अक्षर पार बिघडलं होतं. तिनं चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, डबा नेहमीसारखा तीनदा हलवला आणि माझ्यापुढं धरला.

मी एकतीस वर्षांची, योगायोगाच्या गणितातली डॉक्टर. आत काय आहे ते मला आणि तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. तरी माझ्या हाताला घाम फुटला. आई माझ्याकडं बघत होती. मी डोळे मिटले, आत हात घालून तळापर्यंत नेला, एक चिठ्ठी काढली आणि नाव मोठ्यानं वाचलं.